ओळखफेरी

बागेभोवती कुणी नवीन राहायला यायचं म्हटलं की त्याला आधी एक फेरी मारून आणायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. ओळखफेरी म्हणायचे तिला. ती फेरी नऊ वर्षं मी मारली. मी, भाडेकरू! मंडळाच्या सभेत जिला हात वर करायचा हक्क नव्हता, ती बाई लोकांना सांगत फिरायची, या, या, इथे सगळे आपलेच आहेत. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाग चौकोनी. चारी बाजूंना घरांच्या रांगा, दुमजली नाहीतर तिमजली, आणि घरं आणि बाग यांच्यामध्ये चिंचोळा रस्ता. त्या रस्त्यावर गाड्यांना बंदी. घरमालकांचं एक मंडळ होतं आणि ते सगळं बघायचं. वाफे कुणी खुरपायचे, फाटक कुणी लावायचं, कोण आजारी आहे, कुणाकडे जेवण पोचवायचं, सगळं. अवजारांची एक खोली होती, तिथून शिडी, करवत, काय हवं ते न्यावं आणि पुसून परत ठेवावं. मी खोटं नाही बोलणार, चांगलीच माणसं होती. हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मी सावध राहिले असते.

आम्ही तळमजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एकोणीस वर्षं. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला, सकाळी साडेनऊ ते साडेपाच. वरून मळलेल्या चादरी येतात, त्या वेगवेगळ्या करायच्या, मशीनमध्ये टाकायच्या, वाळल्या की घडी घालून परत वर पाठवायच्या. चोवीस वर्षं हेच. आमचे हे सुतार. होते, असं म्हणायला हवं, पण मी म्हणत नाही. डोळे गेले, हात नाही गेले. काचबिंदू. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं, आणि एका दुपारी ह्यांनी मला विचारलं, "अगं, दिवा का नाही लावलास?" खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. मी उठले आणि दिवा लावला. दुसरं काय करणार होते?

पण नजर जात होती तेव्हाच ह्या माणसानं घर पाठ करायला घेतलं होतं. नुसतं घर नव्हे, बागसुद्धा. दारातून दोन पायऱ्या, डाव्या हाताला कठडा, कठडा संपला की सात पावलं रस्ता, मग बागेचं फाटक, मग मेंदीच्या कुंपणाला हात लावत तिसरा बाक. तिथले बाक ह्यांनीच बनवलेले, डोळे धड असताना, मंडळाकडून एक पैसा न घेता. सकाळी मी कामाला निघाले की हे बागेत निघायचे. एकटे. बाकाची फळी सैल झाली असेल तर बोटांनी चाचपून आवळायचे, कुणी ना कुणी गप्पा मारायला यायचंच, आणि दुपारी घरी येऊन स्वतःचं जेवण स्वतः गरम करायचे. दाढी स्वतः करायचे, कपडे स्वतः धुवायचे. मी कामावर जाताना मागे वळूनसुद्धा बघत नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरातली खुर्चीसुद्धा हलवू नका. आणि घर तर बदलूच नका. या वयात नवी जागा पाठ होत नाही." मला तेवढं एकच भय होतं. बाकी आजारपण, म्हातारपण, काय यायचं ते येवो.

घर एका म्हातारीचं होतं. ती होती तोवर आम्हाला कुणी 'उठा' म्हणणार नव्हतं. ती गेली आणि घर तिच्या पुतण्याकडे आलं. पुतण्या दातांचा डॉक्टर, राहायला दुसरीकडे. करार दरवर्षी नवा करायचा. पहिल्या वर्षी मी भीतभीत विचारलं तर म्हणाला, "मावशी, घाबरता कशाला? तुम्ही घरच्यासारख्या." घरच्या 'सारख्या'! त्याच दिवशी मी ठरवलं की या बागेला आपल्यावाचून चालणार नाही असं करून ठेवायचं. म्हणजे उद्या दातवाल्याच्या मनात काही आलंच, तर चारी रांगांतली माणसं उठून उभी राहतील. मग मी वाफे खुरपले, मंडळाच्या सतरंज्या आमच्या धुलाईखान्यातून धुऊन आणल्या, आजाऱ्यांकडे डबे पोचवले. ओळखफेरी तर आधीपासूनच माझ्याकडे होती, ती मी आणखी जीव ओतून मारायला लागले. माझी जीभ मुळातच सैल. पाच मिनिटांत मी कुणालाही बागेच्या प्रेमात पाडायचे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बाई आल्या. बाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी सगळे बाईच म्हणायचे.

"रविवारी एक जोडपं येतंय. अगदी तरुण आहेत बिचारे. फेरी मारून आणाल ना?"

"आणते की."

"आणि हो, या वेळी एखादं घर आतूनही दाखवू या. नुसत्या भिंती बाहेरून बघून माणसाला काय कळतं? तुमचंच दाखवा. इतकं नीटनेटकं घर बागेभोवती दुसरं नाही."

झालं! मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. अख्खा शनिवार मी फरशी घासली, खिडक्या पुसल्या, पडदे धुतले. हे हसत होते. म्हणाले, "कोण राजा येतोय का?" मी म्हटलं, "तुम्ही दाढी करा, जास्त बोलू नका."

जोडपं गोड होतं. तो हडकुळा, चष्मेवाला, आणि तिला सातवा महिना. मी तिला सावलीसावलीतून नेलं. बाग दाखवली, अवजारांची खोली दाखवली, कुणाच्या घरचं पेटीवादन ऐकायला मिळतं, कुणाची म्हातारी फुकट लोणचं वाटते आणि ते मुकाट खाऊन घ्यायचं असतं, हेही सांगितलं. ती खळखळून हसली. मग घरी आणलं. हे खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "हे आमचे हे." चष्मेवाल्यानं हात पुढे केला, मग त्याच्या लक्षात आलं, मग त्यानं वाकून ह्यांचा हात हातात घेतला. मला बरं वाटलं. मनात आलं, चांगलं माणूस येतंय शेजाराला.

मी घर दाखवलं. कशी झुळूक येते, मुलं बागेत खेळली की घरातून कशी नजरेसमोर राहतात. "भाड्याचं आहे हो, पण एकोणीस वर्षांत मला कधी तसं वाटलं नाही," असंही म्हणाले. तेवढ्यात ती मागच्या खोलीच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "काकू, ओल येते का हो? मला दमा आहे, म्हणून विचारते. ओल असेल तर डॉक्टर राहूच नका म्हणतात."

ओल यायची. दर पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत यायची. ती दिसू नये म्हणून ह्यांनी त्या भिंतीला अख्खं कपाट ठोकलं होतं, मागे हवेला फट ठेवून, आतून पत्रा मारून. दरवर्षी मी त्यातली बुरशी पुसत होते आणि दरवर्षी म्हातारीला, मग पुतण्याला सांगत होते, आणि दरवर्षी ते 'बघू' म्हणत होते. आणि मी त्या पोरीला काय सांगितलं?

"ओल? या घरात? छे! नाव नको!"

का म्हटलं मी तसं? पाहुण्यांपुढे कोण आपल्या घराची लाज काढतं? आणि मला काय माहीत की ती माझंच घर बघतेय! मला वाटलं, रांगेत कुठलं तरी दुसरं घर त्यांना मिळणार आहे, आपल्या तोंडून वाईट शब्द कशाला? म्हणून ठोकून दिलं. मग मी चहा टाकायला आत गेले. ते दोघं ह्यांच्याजवळ बसले.

बाराव्या दिवशी दातवाल्याचं पत्र आलं. यंदा करार नवा होणार नाही, दोन महिन्यांत जागा मोकळी करावी, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. मी पत्र तीनदा वाचलं. ह्यांना काही न सांगता मी बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"अहो मावशी, मला वाटलं तुम्हाला कल्पना असेल," तो म्हणाला. "तुम्हीच तर त्यांना घर दाखवलंत! फार खूश होते दोघं. आधी त्यांचं नक्की होत नव्हतं, चार जागा बघितल्या होत्या. पण तुमच्याशी बोलल्यावर लगेच हो म्हणाले. परवाच सह्या झाल्या."

"अरे, ह्यांचे डोळे... तुला माहीत आहे ना?"

"हो ना, वाईट वाटतं. पण मावशी, मला पण माझं बघायला हवं ना."

मी फोन ठेवला नाही, तो हातातून सुटला. कठड्याला धरून मी तिथेच पायरीवर बसले. मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तोही घासूनपुसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बागेत रोपांना पाणी घालत होत्या. मी सरळ जाऊन समोर उभी राहिले.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी झारी खाली ठेवली नाही. "मालकांचा फोन आला होता. जागा कुणी तरी दाखवायला हवी, म्हणाले."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"आधी सांगितलं असतं, तर इतकं मनापासून दाखवलं असतं का तुम्ही?"

हे त्या अगदी सरळ बोलल्या. कुचकेपणा नव्हता त्यात. शाळेत एखाद्या मुलीला हिशोब समजावून सांगावा तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नऊ वर्षं मी तुमच्यासाठी घसा कोरडा केला! ह्यांनी बाक करून दिले! आणि तुम्ही माझ्याच हातानं मला घराबाहेर काढलंत?"

"असं नका बोलू. आम्हाला दुःखच आहे. पण मालकाच्या जागेत मंडळ कसं पडणार? आज तुमच्यासाठी पडलं, उद्या कुणीही म्हणेल, माझ्यासाठी पडा." मग झारी पुढच्या रोपावर धरून म्हणाल्या, "ती मुलगी पोटुशी आहे हो. तिलाही घर हवंच ना."

तिलाही घर हवंच होतं. मी मागे वळले आणि ह्यांना सांगायला घरी आले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि खुर्चीचा हात बोटांनी नुसता चाचपत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले. मला वाटलं धक्का बसलाय.

पण मी गप्प बसणारी नव्हते. माझ्या हातात एक गोष्ट होती, ओल. त्या रविवारी जोडपं परत आलं, पडद्यांची मापं घ्यायला. दारात उभं राहून चष्मेवाला म्हणाला, "काकू, आम्हाला खरंच माहीत नव्हतं तुम्ही इथून जाताय ते मनाविरुद्ध. आम्हाला वाटलं, तुम्ही दुसरीकडे घर घेतलंत."

"ते राहू दे," मी म्हटलं. "या घरात ओल येते. या भिंतीला. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "त्या दिवशी तर तुम्ही..."

"त्या दिवशी खोटं बोलले."

"मग आज खरं बोलताय कशावरून?" तो म्हणाला. उद्धटपणे नाही, खरंच विचारत होता.

"अहो, सांगा ना यांना!" मी ह्यांच्याकडे वळून ओरडले. "येते की नाही ओल?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "येते. कपाटाच्या मागे."

पोरीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "काकू, मग तर नाही जमणार आम्हाला." माझा जीव भांड्यात पडला! देवा, मी मनातल्या मनात नाचले. पोटुशी पोरगी रडवेली होऊन माझ्या दारातून गेली आणि मी खूश होते. त्या रात्री म्हणे मला शांत झोप लागली, हे सांगत होते.

चार दिवसांनी दोन माणसं आली, सिमेंट, घासण्या, कसलंसं रसायन घेऊन. दातवाल्यानं पाठवली होती. नव्या भाडेकरूंनी तक्रार केली म्हणून. एकोणीस वर्षं मी जे मागत होते ते दोन दिवसांत झालं. भिंत खरवडली, भरली, रंगवली. आता तिथे जन्मात ओल येणार नाही, असं त्यातला एक जण मला अभिमानानं सांगत होता. मी त्याला चहा दिला. देवाशपथ, दिला. सवयच वाईट.

भिंत करण्यासाठी त्यांनी कपाट सोडवून खोलीच्या मध्ये आणून ठेवलं होतं. मी कामावर होते. ह्यांना कुणी सांगितलंच नाही. बागेतून आले, नेहमीच्या पावलांनी मागच्या खोलीत गेले आणि स्वतः बनवलेल्या कपाटावर तोंडानं आपटले. डोळे गेल्यापासूनच्या बारा वर्षांत त्या घरात ते पहिल्यांदा पडले. दोन दात गेले. मी आले तर हे पलंगावर बसून हातानं कपाटाची कड चाचपत होते, आणि म्हणाले, "सांधे अजून घट्ट आहेत ग." मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ तिथेच थांबले.

मंडळानं निरोप समारंभ केला. नाही कसं म्हणणार? बागेत सतरंजी घातली, माझ्याच हातची धुतलेली. बाईंनी भाषण केलं, कुंडी दिली, चारी रांगांतल्या लोकांनी सह्या केलेलं कार्ड दिलं. बायका गळ्यात पडून रडल्या. जो तो म्हणत होता, "काही लागलं तर हक्कानं सांगा हं."

"मला घर लागतंय," मी म्हटलं. "इथेच. बागेजवळ कुठेही. एक खोली चालेल, जिन्याखालची चालेल. ह्यांना ही बाग सोडून दुसरं काही येत नाही."

आमच्या वर राहणाऱ्या वकिलांच्या दोन खोल्या वर्षभर रिकाम्या असतात, पाहुण्यांसाठी. वकिलीणबाई कार्डावरची नावं वाचायला लागल्या. कुणी तरी लाडूचं ताट पुढे केलं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर फार वाईट बोलले असते, म्हणून ह्यांचा हात धरला आणि घरी आणलं. मागून बाई म्हणाल्या, "त्यांच्या मनाला लागलंय, समजून घ्यायला हवं." समजून घेतलं त्यांनी.

मिळालेली जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिसरा मजला, एक खोली, कोपऱ्यात न्हाणीघर, खाली मोठा रस्ता. माझ्या कामाला जायला दीड तास लागतो. खिडकी लावली तरी गाड्यांचा आवाज असा भरून राहतो की शेजारचं माणूस काय बोलतंय ते कळत नाही. हे कानानं दिशा ओळखायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे काहीच ऐकू येत नाही ग."

त्याच दिवशी न्हाणीघराच्या दारात पडले. जुन्या घरात तिथे पायरी चढायची होती, इथे उतरायची आहे. मनगट सुजलं. मी आठवडाभर रोज कामावर जायच्या आधी हात धरून शिकवलं, पलंगापासून चार पावलं, मग भिंत, मग पायरी खाली. मान हलवायचे, पण पाय जुन्याच घरात चालायचे. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी संध्याकाळी आले तर हे दुसऱ्या मजल्यावर, परक्या दाराला आमची किल्ली लावत उभे होते. आत एक बाई किंचाळत होती. तिचा नवरा ह्यांच्या दंडाला धरून हलवत होता, आणि हे त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, "माफ करा, मी आंधळा आहे." बारा वर्षांत हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. राग कुणाचा होता आणि काढला कुणावर! खोलीत आणून खुर्चीत बसवलं आणि ओरडले, "मी घरी नसताना जागचं हलायचं नाही! कळलं? मी येईपर्यंत उठायचं नाही म्हणजे नाही! मला कामावर जीव थाऱ्यावर ठेवू द्याल की नाही?"

"बरं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी डबा हाताशी ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि गेले. संध्याकाळी सातला आले. दार उघडलं आणि वास आला. चोवीस वर्षं हाच वास रोज उपसतेय मी, मला दिवा लावायची गरज नव्हती. हे खुर्चीत होते. सकाळी बसवलं होतं तसेच, हात मांडीवर. खालची फरशी ओली. डबा उघडलेला नव्हता. पाण्याचा तर घोटही घेतला नव्हता, जायला लागू नये म्हणून. तरी झालंच होतं.

"आलीस?" ह्यांनी विचारलं.

"अहो, चार पावलांवर तर आहे न्हाणीघर!"

"तू हलू नका म्हणालीस ना."

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. मी पाणी तापवलं, ह्यांचे कपडे काढले, अंग पुसलं. इस्पितळात परक्यांच्या चादरी हाताळताना मला कधी काही वाटत नाही, पण इथे पाय पुसता पुसता मला रडू फुटलं.

"माझ्या जिभेनं घात केला," मी म्हटलं. "ओल येते एवढं खरं बोलले असते तर गेली असती ती पोरगी दुसरीकडे. पण मला काय माहीत, हे आपली जागा बघायला आलेत!"

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

मी वर बघितलं.

"तू चहा टाकायला आत गेलीस ना, तेव्हा त्यांनी टेप काढली. आधी खिडकी मोजली, मग माझ्या मागची भिंत. इथे पाळणा बसेल, असं ती हळूच म्हणाली. टेप आत गेल्याचा आवाज मला कळणार नाही होय? जन्म गेला माझा त्यात."

"आणि तुम्ही मूग गिळून गप्प बसलात?"

"तू आत गुणगुणत होतीस. किती वर्षांनी ऐकलं. म्हटलं, चहा तर होऊ दे. मग म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग रोज उठलो की वाटायचं, उद्या सांगू. मला वाटलं, बागेतली माणसं आहेत, होऊ देणार नाहीत."

बारा दिवस! सह्या दहाव्या दिवशी झाल्या. त्याच रविवारी मला कळलं असतं तर सोमवारी मी त्या पोरीच्या दारात असते, कपाट सोडवून तिला बुरशी दाखवली असती, दातवाल्याच्या दवाखान्यात ठाण मांडून बसले असते. काही तरी केलंच असतं मी. ते सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर हा माणूस उघड्या पायांनी बसला होता, माझ्या हातातल्या फडक्याची वाट बघत. आणि मी तरी कोण? मी तर 'छे, नाव नको' म्हणणारी.

मी दुसरा पाय पुसला, धुतलेली पँट चढवली, फरशी दोनदा पुसली. डबा गरम करून भरवला. आधी "मी खातो ग," म्हणाले, मग सुजलेल्या मनगटानं चमचा धरवेना, तेव्हा तोंड उघडलं. खुर्चीची गादी मी बादलीत भिजत घातली.

सकाळी आठला मला घर सोडावं लागतं. निघताना मी काही तरी सांगूनच निघते, आणि मी जे सांगते ते हे ऐकतात. उठा म्हणाले तर पडतील. उठू नका म्हणाले तर असेच बसून राहतील. उद्या दारात उभं राहून काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.